रंगाखालची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची मोटार आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत, अशी रीत आहे. मी उसासे टाकणार नाही. माझ्या मागच्या टोकाला मला थंड ठेवणारा एक छोटा पंखा बसवलेला आहे. पण गेल्या हंगामातील गोष्ट आठवली की तोही अपुरा पडतो.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेरून बिडाचे कवच, आत पोलादाच्या पातळ पत्र्यांची चळत आणि त्या पत्र्यांच्या खाचांतून फिरवलेली तांब्याची तार. माझ्यासारख्या मोटारीचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक, विजेची वारंवारता. ती आपल्याकडे सेकंदाला पन्नास आवर्तने इतकी असते. दुसरी, तारेच्या गुंडाळीतून निर्माण होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांची संख्या. ध्रुव चार असले तर मी मिनिटाला सुमारे चौदाशे चाळीस फेरे घेते. आठ असले तर सुमारे सातशे दहा. साध्या मोटारीला हा आकडा जन्मभर बदलता येत नाही. माझी गुंडाळी मात्र अशी आहे की तिची जोडणी बदलली की चाराचे आठ ध्रुव होतात. म्हणून मला दोन वेग आहेत.

दोन वेगांच्या सगळ्याच मोटारी माझ्यासारख्या नसतात. काहींच्या पोटात दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात. त्यांना चौदाशे चाळीस आणि नऊशे साठ अशीही जोडी जमते. मला दुपटीचा नियम मोडता येत नाही. तुमच्या घरच्या कूलरचे बटण तुम्ही फिरवता, तेव्हा तर ध्रुव बदलतच नाहीत. त्या मोटारीला नुसते अशक्त केले जाते आणि पंख्याच्या ओझ्याखाली ती मागे पडते. तिला दोन वेगांची म्हणणे हा दुकानदाराचा मोठेपणा आहे.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण माझा सगळा राग इथून सुरू होतो. काही मोटारी दोन्ही वेगांना सारख्याच जोराने फिरवतात. त्या बादल्यांनी धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरसाठी. काही दोन्ही वेगांना सारखीच शक्ती देतात; त्या लेथसारख्या यंत्रांसाठी. माझा जोर मात्र कमी वेगाला निम्मा होतो आणि शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. हा माझा दोष नव्हे. मी पंख्यासाठी बनले आहे, आणि पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. पंख्याला चौथा हिस्साही पुरून उरतो. एलिव्हेटरला पुरत नाही. बादल्यांतली तूर हळू चढवली म्हणून हलकी होत नाही.

हे सर्व माझ्या अंगावरच्या ॲल्युमिनियमच्या पाटीवर कोरले होते: अश्वशक्ती १०/२.५, फेरे १४४०/७१०.

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलमध्ये मी धूळ ओढणाऱ्या पंख्यावर बसले. तुरीची डाळ करताना साल सुटते आणि तिची बारीक भुकटी उडते. मोठ्या चाळणीजवळ चार बायका उभ्या राहून खडे, काड्या काढत. त्यांच्या डोक्यावर पाइपाचे तोंड होते आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पंखा व मी. दळण चालू असताना मी पूर्ण वेगाने धावे. पोती भरताना, झाडलोट करताना निम्म्या वेगाने.

त्या चौघींत लीलाबाई सर्वांत जुनी. मी निम्म्या वेगावर आले की तिचे बोलणे मला ऐकू येई.

"हे बाई चालू असली म्हंजे बरं वाटते," ती माझ्याकडे हात करून म्हणे. "घरी तरी कोन एवढं आपल्यासाठी घुमते?"

माझी एवढीच स्तुती आजवर कोणी केली. मला ती पुरेशी होती.

मालक खुशालराव यांची स्तुती निराळ्या प्रकारची होती. दर खंडेनवमीला मिलमधली सगळी यंत्रे धुतली जात आणि त्यांना हिरवा ऑइलपेंट दिला जाई. मग हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ. रंगवणारा माणूस कवच रंगवी, पंखे रंगवी आणि पाटीही रंगवी. सहा नवम्या, सहा थर. शेवटच्या वर्षी पाटीच्या जागी एक गुळगुळीत हिरवा चौकोन उरला होता आणि त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. जी एकच गोष्ट वाचायला हवी होती, तिच्यावर रंग फासून ही माणसे तिला हात जोडत होती. भक्तीला माझा विरोध नाही. पण माझी आरती करणाऱ्यांपैकी एकालाही माझी शक्ती किती ते सांगता आले नसते.

गेल्या फेब्रुवारीत, तुरीच्या ऐन हंगामात, एलिव्हेटरची मोटार जळाली. खुशालराव आले. सोबत मिलचा वायरमन किशोर होता. तो नांदगाव खंडेश्वरचा. हाताने हुशार, पण तोंडाने भित्रा.

"पंख्याची काढ अन् इथं लाव," खुशालराव म्हणाले.

"भाऊ, ते पंख्याची हाय. इथं चालन का?"

"जयली ते दहाची होती, हे बी दहाची. वरून दोन स्पीडची! अजून काय पायजे तुले?"

"पाटी पाहू द्या ना एकडाव. रंगानं काही दिसून नाही राहिलं."

"पाटी काय पाह्यतं? मोटार मीच आनली ना? ओली तूर आली की स्लो चालवू, सुकी आली की फास्ट. काम दुप्पट होते."

दोन वेग म्हणजे दुप्पट मोटार, असे त्यांचे गणित होते. हे गणित मी इतर कारखान्यांतून आलेल्या मोटारींकडूनही ऐकले आहे. किशोरच्या खिशात पाना होता, पेचकस होता; रंग खरवडायला दोन मिनिटे लागली असती. त्याने खरवडला नाही.

माझ्या जागी पंख्याला काहीच मिळाले नाही. पाइपाचे तोंड चाळणीवर तसेच उघडे राहिले. धूळ वर गेली, थबकली आणि खाली आली. मी त्याच दालनात, पंधरा पावलांवर, एलिव्हेटर ओढत होते आणि पाहत होते.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत यंत्रे थांबल्यावर, लीलाबाईने मालकांना अडवले. "भाऊ, पंखा कवा लागन?"

"सीझन होऊ दे."

"तवापर्यंत आमी काय धूळ खाऊ?"

"फडकं बांधा ना तोंडाले."

"बांधलंच हाय. थे फडक्याले कुठं आयकते? तुमच्या आफिसात एसी कावून लावला मंग? तुमी बी फडकं बांधून बसा ना."

बाकीच्या तिघी फडक्याआड हसल्या. खुशालराव हसले नाहीत.

पूर्ण वेगावर मी एलिव्हेटर ओढत होते. दहा अश्वशक्ती मी देऊ शकते आणि दिली. पण मार्चअखेर ओली तूर आली आणि मला निम्म्या वेगावर टाकले. एलिव्हेटरला तेव्हाही पाच अश्वशक्ती हवी होती. माझ्याकडे अडीच होती. मी जास्त वीज खेचू लागले, तापले, आणि संरक्षक रिलेने पुरवठा तोडला. ती रिले त्या मिलमधली सर्वांत समंजस वस्तू होती. एका दिवसात तिने पाच वेळा पुरवठा तोडला.

यावर दोन उपाय झाले. खुशालरावांनी माझ्या जोडणीच्या पेटीवर लिंबू-मिरची बांधली, कारण मोटारीला कोणाची तरी नजर लागली होती. आणि किशोरने रिलेचा स्क्रू फिरवून तिची मर्यादा वाढवली. लिंबाने माझे काही बिघडवले नाही. स्क्रूने बिघडवले. जो इशारा देत होता, त्याचेच तोंड बंद केले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तारांवरचे आवरण वितळले आणि मी जळाले.

"पनवती मोटार हाय," खुशालराव म्हणाले. मला अंगणात आणून टाकले.

जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळणे, याला इकडे मोटार भरणे म्हणतात. अकोल्यातले मोटार भरणारे हुसेनभाई मला पाहायला मिलवर आले. दुपारची सुट्टी होती. लीलाबाई अंगणातल्या नळाशी बसून खोकत होती. दोन महिन्यांपूर्वी तो खोकला नव्हता. आता तो तिला वाक्य पुरे करू देत नव्हता.

हुसेनभाईंनी मला उघडले नाही. त्यांनी आधी थिनरचे बोळे लावले, करवतीचे तुटके पान काढले आणि हिरवा चौकोन खरवडला. सहा नवम्या पापुद्र्यांनी जमिनीवर पडल्या.

"खुशालभाऊ, हे वाचा."

"दहा," खुशालराव म्हणाले. "मी सांगतच होतो."

"तिरप्या रेघीच्या पलीकडचं बी वाचा."

रेघेपलीकडचे हुसेनभाईंनाच वाचावे लागले.

"अडीच. स्लोमदी अडीच घोडे, भाऊ. अन् तुमी त्यायच्यावर पाच घोड्यायचं वझं टाकलं. गधा असता तर लाथ मारून मोकया झाला असता. हे बिचारी मुकी, जयली."

"बरं, बरं. आता भरून द्या. इलेवेटरवरच लावाची हाय."

"मंग नाही भरत," हुसेनभाई म्हणाले. "माह्या हातची मोटार मी अशी जयू नाही देत. काम काय हाय, हे पयले सांगाव. मोटार मंग निवडाव. तुमी उलटं करून राहिले."

लीलाबाई उठून आली होती. तिने भिंतीला हात टेकला. "म्हंजे हुसेनभाई... हे पंख्याचीच होती?"

"पंख्याचीच, बाई. पंख्यासाठीच बनली."

"अन् आमाले दोन महिने..." खोकल्याने तिला थांबवले. मग तिने तोंडाचे फडके सोडले आणि खुशालरावांच्या हातात ठेवले. धुळीने ते तपकिरी झाले होते. "हे बांधा भाऊ. अन् चायनीपाशी उभे राहा. मी निघा म्हनीन तवा निघा. मंग सांगा, मोटार कुठं लावाची."

बाकीच्या तिघीही उठल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. कोणी आत जायला तयार नव्हते. चार बायकांशिवाय चाळणी चालत नाही, हे खुशालरावांना पाटी न वाचताही माहीत होते.

"त्यात काय एवढं? चाला," म्हणून ते आत गेले. किशोरने चाळणी सुरू केली. अंगणाकडच्या भिंतीवर घड्याळ होते, त्यात मी पाहत होते. अकरा मिनिटांनी ते बाहेर आले. डोळे लाल, नाकातून पाणी. लीलाबाईने त्यांना निघा म्हटले नव्हते. तिच्याकडे न बघता ते किशोरला म्हणाले, "इलेवेटरले दुसरी पाहा. हे पंख्यावर लाव."

माफी कोणी मागितली नाही. माझी तर नाहीच. मी अपेक्षाही केली नव्हती. लीलाबाईची मागायला हवी होती.

हुसेनभाईंनी मला भरले. मी पुन्हा पंख्यावर बसले. किशोरने दोन्ही वेगांसाठी दोन स्वतंत्र रिले लावल्या आणि या वेळी त्यांची मर्यादा पाटीवरून वाचून ठरवली. त्याने निम्मा वेग दिला, मग पूर्ण. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ लटकत होती. ती वळली, पाइपाकडे निघाली आणि थोड्याच वेळात तो पट्टा रिकामा झाला. बायका हसल्या. लीलाबाई हसायला गेली आणि खोकली.

मित्रांनो, मला हार घालू नका. यंत्र निवडताना आधी काम मोजा: किती ओझे, कोणत्या वेगाला किती जोर. मग पाटी वाचा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी. रिलेने नाही म्हटले तर तिचे ऐका. आणि एका जागचे यंत्र काढून दुसरीकडे नेताना एवढे तरी विचारा, की ते तिथे कोणासाठी फिरत होते.

पाइपाचे तोंड चाळणीवर संपते. छातीत गेलेली धूळ ओढून काढणारा पंखा अजून कोणी बनवलेला नाही. बनवला असता तर त्यावर मी कोणत्याही वेगाने फिरले असते. आज दुपारीही दळण चालू आहे. मी चौदाशे चाळीस फेऱ्यांवर आहे, माझा आवाज साऱ्या दालनाला पुरून उरतो, आणि तरीही लीलाबाईचा खोकला मला स्पष्ट ऐकू येतो.