गुडघ्याएवढा मका

अक्काताईंचा मका शेवटी हिरवागार झाला. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. मका अजून पिवळाच आहे, आणि शिरोळजवळच्या त्या रानाच्या बांधावर अक्काताईंचे मालक तात्यासो तोंड पाडून उभे आहेत.

रान नांगरायचं नाही, हा हट्ट अक्काताईंचा. मागच्या मोठ्या पुरात त्यांच्या नांगरून भुसभुशीत केलेल्या रानातली वरची काळी माती कृष्णेबरोबर गेली, ती थेट कर्नाटकात. जाताना सांगूनसुद्धा गेली नाही. तेव्हापासून माती घरात कशी ठेवायची, हाच अक्काताईंचा घोर. यंदा त्यांनी खरिपातल्या मक्याची कणसं काढून उरलेली ताटं माती झाकायला रानातच आडवी पाडली आणि ती जराशी सारून मधे रब्बीचा मका टोकला. तात्यासोंनी परवानगी दिली ती एका हंगामापुरती, आणि पीक पिवळं दिसू लागताच तीही आखडून घेतली.

"सोमवारपर्यंत हिरवा दिसला न्हाय, तर दिलदारचा रोटावेटर घालणार. मग ऊस. कुणाचं ऐकणार न्हाय."

गावात कुणी आजारी पडलं की बघायला जायची रीत आहे. मका आजारी आहे ही बातमी फुटल्यावर माणसं संध्याकाळी बांधावर यायला लागली. आवाज खालच्या पट्टीत.

"पाणी घेतोय का?"

"घेतोय की. पर अंगाला लागंना."

गुंडू पैलवानानं तर चपला बांधाखाली काढल्या. पेशंटकडं मोकळ्या हातानं जायचं नसतं, म्हणून जो तो घरातनं मूठभर युरिया आणायचा आणि निघताना बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवावा तसा हळूच मुळाशी ठेवायचा. मका त्या मायेनं आणखी पिवळा पडला. अक्काताई चहा करून करून टेकीला आल्या.

सगळ्यात नेमानं यायचा तो दिलदार. ट्रॅक्टरमागं लावून रान उलथणारा गावातला रोटावेटर त्याचाच, म्हणजे मका मेला तर फायदा त्याचाच. तरी येताना केळी आणायचा.

"मका खाणार न्हाय काकी, तुम्ही तरी खावा."

शुक्रवारी अक्काताईंनी गडहिंग्लजला माती तपासायच्या प्रयोगशाळेत असलेल्या लेकीला, रुचिताला, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मक्यासमोर धरला.

"आई, पिवळी पानं वरची का खालची?"

"वरची, कवळी. पट्टे उठल्यात. खालची बऱ्यापैकी हिरवी हाईत."

"मग गंधक कमी पडलंय. नत्र कमी असतं तर झाडानं खालच्या पानातनं काढून वरच्याला दिलं असतं. गंधक एकदा बसलं की जागचं हलत न्हाय."

"तुझ्या तात्यांगत."

"मी हितंच हाय," मागनं तात्यासो म्हणाले.

"व्हय, त्येच सांगतोय तिला," अक्काताई म्हणाल्या.

"खत कधी दिलंस?" रुचितानं विचारलं.

"अजून कुठं? मका गुडघ्याएवढा झाला की द्यायचं. सासूबाई तसंच करायच्या."

"आई, ते नांगरलेल्या रानात! हितं ताटं कुजाय लागल्यात. कुजवणारे जीव मातीतलं नत्र-गंधक आधी जेवून बसतात, त्यात थंडीनं माती गार. पेरतानाच बाजूनं थोडं अमोनियम सल्फेट द्यायचं असतंय, उरलेलं नत्र गुडघ्याला. आता लगेच द्या. आणि युरिया बंद, त्यात गंधक नसतंय."

म्हणजे अक्काताई मका गुडघ्याला यायची वाट बघत होत्या आणि मका खताची. दोघंही शब्दाला पक्के. शिवाय गुडघा कुणाचा, हेही ठरलेलं नव्हतं. तात्यासोंचा गुडघा अक्काताईंच्या मांडीला लागतो.

"सोमवारपर्यंत हिरवा हुईल?"

"आई, ते खत हाय, रंग न्हाय. आठ-धा दिवस तरी लागतील."

दिलदार केळ्याची साल हातात धरून हे सगळं ऐकत होता. तो गेला आणि ट्रॅक्टरवर खताचं पोतं टाकून आला. अक्काताईंनी ओळीच्या कडंनं खत दिलं, वर पाणी सोडलं.

सोमवारी तात्यासो दिलदारच्या दारात.

"काढ रोटावेटर."

"पाती वेल्डिंगला दिल्यात, तात्या."

"सगळी?"

"सगळीच. एकटं जायाला भ्यायली."

दिलदारच्या पाठीमागं ताडपत्रीखाली रोटावेटर उभा होता. ताडपत्री आखूड होती. खालनं सगळी पाती चकाकत होती. तात्यासोंनी पात्यांकडं बघितलं, मग दिलदारकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "वेल्डरला सांग, घाई न्हाय."

पुढच्या आठवड्यात नवी पानं आली ती हिरवी. म्हणजे सुरुवातीला जे घडलं नव्हतं, ते आता घडलं. बघायला मात्र कुणी येईना. बऱ्या झालेल्या पेशंटकडं कोण जातंय? एकटे तात्यासो सकाळी जाऊन मक्याला गुडघा लावून बघायचे. उरलेलं नत्र त्यांच्याच गुडघ्यानं दिलं. कणसं वाहायचं काम दिलदारच्या ट्रॅक्टरला ठरलं.

अक्काताईंचा धीर वाढला. त्यांनी कर्नाटक सरकारला अर्ज धाडला:

"विषय: माती परत मिळणेबाबत. महोदय, मागील पुरात आमच्या रानातील काळी माती नदीमार्गे आपल्या हद्दीत दाखल झाली आहे. त्या वेळी ती धरून ठेवण्याची सोय आमच्याकडे नव्हती. आता झाली आहे. तरी सोबत जोडलेल्या मूठभर नमुन्यावरून ओळख पटवून सदर माती आल्या मार्गाने, उलट्या प्रवाहाने, शक्यतो पेरणीपूर्वी परत पाठवावी. सोबत गांडुळे असल्यास त्यांची पिशवी वेगळी करावी, ही नम्र विनंती."