मोटेच्या चाकाला पडलेला प्रश्न

कुरकुरू नको म्हणता? अहो, मी मोटेचं चाक आहे, कुरकुरणारच! अचलपूरच्या सुताराने मला बाभळीतून घडवलं आणि खुशालराव माळ्यांच्या विहिरीवर बसवलं. माझ्यावरून नाडा, म्हणजे जाड दोर, जायचा. त्याच्या एका टोकाला चामड्याची मोट, दुसऱ्या टोकाला बैल. मोट वर आली की पाणी काठावरच्या दगडी कुंडीत, थारोळ्यात, धबकन पडायचं. तो आवाज ऐकला की बैल आपोआप मागे सरायचे आणि मोट पुन्हा खाली जायची. त्यांना सवयच तशी लावली होती.

खुशालरावांचा चुलतभाऊ पुंजाराम ख्रिस्ती झालेला. अमरावतीला मिशनच्या शाळेत मास्तर होता. भावकीने त्याला टाकलं, तरी सुटीत तो मळ्यात यायचाच. खुशालराव डिवचायचे, "काय मास्तर, दिसला का तुहा देव?"

"दिसत नाई, पर इचार केला त समजते. सातशे वर्सांमागं युरोपातल्या मठातले साधू हेच सांगत. बोल, मोट कोन ओढते?"

"नाडा."

"नाड्याले?"

"बैल. बैलाले मी, अन् मले माही भूक. झालं?"

"नाई झालं! दोराले दोर बांधत गेला, अन् वर खुंटाच नसला, त मोट लटकन का? जो कोनाच्याच आधारावर नाई, अन् ज्याच्यावर सारे हायेत, तो खुंटा म्हंजे देव."

"बाप्पा! अन् दोर लांबतच गेला त?"

दोघेही हटायचे नाहीत. मला मात्र दोघांचा कंटाळा यायचा.

एका उन्हाळ्यात गाळ काढायला खुशालराव विहिरीत उतरले. काम आटोपलं. नाड्याला बांधलेल्या लाकडावर बसून ते वर येत होते, आणि त्यांची बायको मनकर्णा बैल हाकत होती. काठावरच्या मास्तरला नेमकं तेव्हाच नवं उदाहरण सुचलं.

"खुशाल, पाह्य! पानी आपल्या मनानं पडते का? ओतनारा लागते!" असं म्हणून त्या शहाण्याने भरलेली बादली थारोळ्यात पालथी केली.

धबक!

माळ्याचा पोरगा असून विसरला हो! बैल मागे सरले. नाडा माझ्यावरून उलटा धावू लागला. "धरा वं माय!" मनकर्णा किंचाळली. ती वेसणीला लोंबकळली, तरी बैल थांबेनात. खाली खुशालरावांचं डोकं दगडावर आपटल्याचा आवाज आला.

मास्तरने नाड्यावर उडी घेतली आणि त्याला मिठीच मारली. तळहात सोलून निघाले, पण त्याने दोर सोडला नाही. माझा कणा काडकन तडकला. आता मोडलो तर माणूस मेला! मी खांबांवर, खांब दगडांवर, दगड जमिनीवर. आणि जमीन? मास्तरचा प्रश्न मला तेव्हा कळला, आणि भयंकर भीती वाटली.

शेवटी बैल थांबले. खुशालराव वर आले तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं.

"बोलता बोलता तुह्या जिवावर उठलो रे," एवढंच मास्तर बोलला आणि निघून गेला. नंतर तो कधीच आला नाही.

आता विहिरीवर तेलाचं इंजिन आहे. मनकर्णा मला चुलीत घालायला निघाली होती, पण खुशालरावांनी घालू दिलं नाही. मी लिंबाखाली पडून आहे. कुरकुरायलाही कोणी फिरवत नाही. संध्याकाळी खुशालराव माझ्याजवळ बसतात, तडकलेल्या कण्यावरून हात फिरवतात आणि अमरावतीच्या रस्त्याकडे पाहून म्हणतात,

"दोर त सोडला नाई, मास्तर. मंग येनं काहून सोडलं?"