दर्शनाची अर्धी राहिलेली लस

बायको काशी फ्लूने गेली त्याला महिना झाला, तरी भागोजी सकाळी चहाचं आधण दोघांचंच ठेवायचा. हल्ली दुसरा कप लेक दर्शना घ्यायची, म्हणून ते खपून जायचं.

दर्शना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फ्लूचीच लस तयार करणाऱ्या गटात होती. साहेबांचा तिसऱ्यांदा फोन आला होता, सोमवारी ये, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. म्हणून ती ओटीवर राजीनामा लिहायला बसली.

"लिहिण्याआधी एक सांग," भागोजी म्हणाला. "तुझ्या लशीत असतं काय गो? तोच रोग?"

"नाही बाबा. विषाणूचं नुसतं वरचं कवच. बाहेरून हुबेहूब तो, पण आत वाढणारं काहीच नाही. शरीराला वाटतं खराच आला, ते तयारीला लागतं. पुढे खरा आला की ओळखतं."

"म्हणजे दर्भाचा कावळा."

दर्शना हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "आमच्या साहेबांना नाही सुचलं कधी."

"मग अडलंय कुठे?"

"कवचं टिकत नाहीत. थंडीत ठेवली तरी चार आठवड्यांत मोडतात. मी सहापर्यंत नेली होती."

भागोजीच्या डोक्यात अजून कावळाच होता. दहाव्याला भाट्याच्या किनाऱ्यावर खरा कावळा पिंडाला शिवलाच नव्हता. माडावर बसून नुसता बघत होता. काशीची काही इच्छा राहिली असेल म्हणून जो तो शब्द देत होता. तिचा भाऊ म्हणाला, भावोजींना आम्ही बघू. दर्शना म्हणाली, बाबांना एकटं टाकणार नाही. शेवटी ऊन चढलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"बाय, त्या दिवशी मी चुकलो," तो म्हणाला. "तुझी आई दवाखान्यात मला म्हणाली होती, पोरीला थांबवू नका, तिचं काम अर्धं आहे. तेच बोलायचं होतं. ओठावर आलं होतं. पण बोललो असतो तर तू गेली असतीस, म्हणून गिळलं."

दर्शनाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि मी दिलेला शब्द?"

"तो तिने घेतला कुठे? कावळा शिवला काय?"

"तुम्ही जेवणार काय पण?"

"कुळथाची पिठी नि भात येतो मला."

"मीठ विसरता."

"मग रोज फोन करून ओरड."

ती साहेबांना फोन लावायला अंगणात गेली. काशीने दळून ठेवलेलं कुळथाचं पीठ आता थोडंच उरलं होतं. भागोजीने त्यातलं अर्ध्याहून जास्त लेकीच्या डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं.