खाली आलेली रेघ

पोलीस ठाण्याचे प्रमुख कर्नल ओपरमान यांनी वस्तीच्या सभेत पडद्यावरची तांबडी रेघ काठीने दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा नवी गाडी शेजाऱ्याला दाखवणाऱ्या माणसासारखा झाला होता. रेघ डावीकडून उतरत उतरत उजव्या कोपऱ्यात जवळजवळ जमिनीला टेकली होती.

"लूटमार, हल्ले, गोळीबार, सगळं खाली," ते म्हणाले. "लेलीपार्क आता केप टाउनच्या शांत वस्त्यांत मोडतं. श्रेय आपल्या फिरत्या चौकीला."

फिरती चौकी म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यावरची पोलीस व्हॅन. नाव फिरती, पण आल्यापासून तिची चाकं वाळूत रुतलेली.

वस्तीच्या पहाऱ्याची प्रमुख गदीजा तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. सभेला समोसे कोण घेऊन येतं आणि नुसते खायला कोण येतं, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असे. कर्नल दुसऱ्या खात्यातले, हे तिने पहिल्या सभेतच मांडून ठेवलं होतं. आज मात्र ते खाता खाता तिचंच काम स्वतःच्या नावावर जमा करत होते.

मैदानावर गुन्हे होत नव्हते, कारण धोक्याच्या वेळी मैदानावर माणूसच फिरकत नव्हता. दोन टोळ्यांची जुंपली की वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावर लाल टॉवेल टाकायची. टॉवेल दिसला की बायका पोरांना आत ओढायच्या आणि कामावर जाणारे लांबच्या रस्त्याने वळायचे. ही युक्ती गदीजाची. व्हॅनमधले शिपाईही टॉवेल बघूनच काच वर करून घेत.

दुसरा नियमही तिचाच होता: ठाण्यात तोंड उघडायचं नाही. तक्रार घेतली जायची ती सगळ्यांसमोर, काउंटरवर, आणि काउंटरसमोरच्या बाकावर मेर्विन बसलेला. कागद हरवल्याचं निमित्त करून तो रोज यायचा. इतका रोज, की ठाण्याने त्याला फर्निचरमध्ये धरायला हरकत नव्हती. सकाळी काउंटरवर कुणी बोललं की संध्याकाळी टोळीला तिचं नाव, मजला आणि पोरांची शाळा कळायची.

म्हणून महिन्याभरापूर्वी गदीजाच्या लेकीच्या, इल्हामच्या, दंडाला गोळी चाटून गेली तेव्हाही गदीजाने तक्रार करू दिली नव्हती. पत्र्याने कापलं, असं डॉक्टरला सांगून टाके घालून आणले होते. गोळी लागली ती जिन्याशी, अंधारात. व्हॅनचा दिवा पोचत होता तिथून पुढे इल्हाम सुखरूप जायची. त्या दिव्याच्या भरवशावरच तिने बेकरीतली पहाटेची पाळी घेतली होती, कारण त्या वेळी टॅक्सीच्या थांब्याकडे जायला मैदानाशिवाय वाट नव्हती.

"म्हणूनच," कर्नलनी काठी मिटली, "सोमवारी ही चौकी जास्त गरजेच्या वस्तीत हलवतोय. अभिनंदन."

चारदोन जणांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते त्यांच्याही उशिरा लक्षात आलं.

गदीजा उठली. "कर्नलसाहेब, गेल्या महिन्यात आमच्या जिन्यावर गोळ्या झाडल्या. त्या या रेघेत कुठे बसल्यात?"

"केस नंबर काय, आंटी?"

"केस केली नाही."

"मग मी काय मोजू? नोंद नाही त्याला मी गुन्हा कसा म्हणू?"

"भिंतीला भोकं पडलीत. ती येऊन मोजा."

मागे हशा पिकला. कर्नलही हसले. "आंटी, तुम्ही लोक तक्रार करत नाही आणि मग आमच्यावर चिडता. लोकांनी सहकार्य नको करायला?"

गदीजाच्या मनात आलं: तुमच्या बाकावर टोळीचा कान बसवून ठेवलाय, आणि सहकार्य आम्ही करायचं? ओठांवर आलेलं तिने गिळलं. मेर्विनचा मावसभाऊ चहाच्या टेबलाशीच उभा होता.

घरी इल्हाम बाही दुमडून टाक्यांच्या वणावर मलम चोळत होती. "मम्मी, तू गप्प राहायला शिकवलंस. आता त्याचंच त्यांनी बक्षीस दिलं, व्हॅन काढून."

"माझ्यामुळे गेली म्हणतेस?"

"तुझ्यामुळे नाही. पण गप्प राहून थांबणारही नाही. मी उद्या जाते ठाण्यात."

"एकटी? आणि मेर्विन?"

"मग काय करू? नोकरी सोडू?"

गदीजा उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ ती भांडी आपटत राहिली. मग शेजारच्या मर्लिनचं दार तिने ठोठावलं.

"तुझ्या ओळखपत्राची झेरॉक्स आहे?"

"आहे. कशाला?"

"ठाण्यात शिक्का मारून आणायचाय. सगळ्यांनी मिळून."

मर्लिनने डोळे बारीक केले. सत्यप्रतीचा शिक्का घ्यायला अख्खं लेलीपार्क ठाण्यातच जायचं. नोकरी असो, शाळा असो, की पेन्शन. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईकडे कोण बघणार? "आणि शिक्का मारता मारता बोलायचं, होय?" ती म्हणाली. "गदीजा, तू तुरुंगात असायला हवी होतीस."

"आधी त्यांना माझी केस तर करू दे."

सकाळी ठाण्याच्या दारात बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात झेरॉक्स. मेर्विन बाकावरून टक लावून बघत राहिला, मग कंटाळून त्याने मोबाइल काढला.

काउंटरवर झुकिस्वा नावाची तरुण शिपाई होती. गदीजा पुढे वाकली. "पोरी, इथे फार गर्दी होतेय. शिक्का घेऊन मागच्या खोलीत बस. आम्ही एकेक येतो."

"ती पीडित महिलांची खोली आहे, आंटी. बंद असते."

"का गं? पीडित नाहीत म्हणून?"

झुकिस्वाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाकाकडे. तिने किल्ली आणि शिक्का उचलला. खोलीत सभेचे फलक छतापर्यंत रचलेले होते. 'निर्भय होऊन बोला' असं लिहिलेला फलक मर्लिनने उचलून बाहेर नेला आणि बाकाच्या टोकाला, मेर्विनला टेकवून ठेवला. त्याला सरकावं लागलं.

इल्हाम पहिली आत गेली. दार लागलं. शिक्क्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला. गदीजा दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा इल्हामच्या मुठीत केस नंबरची चिठ्ठी होती आणि वर शिक्का मारलेली झेरॉक्स. तिने झेरॉक्स तेवढी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

मग मर्लिन गेली. मग तळमजल्यावरची मूनीबा, जिने दोन वर्षं कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणी नुसता शिक्का घेऊन आली, कुणी शिक्क्याबरोबर रडून आली. कोण कशाला गेली ते बाकावरून ओळखता येईना.

दुपारी झुकिस्वाने कोरे कागद मागवले, तेव्हा कर्नल स्वतः जिना उतरून आले. रांग अजून दारापर्यंत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर ती रेघ पुन्हा वर चढत असणार.

"आंटी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सोमवारपर्यंत थांबला असतात तर बरं झालं असतं. सोमवारी नवी तिमाही सुरू होते; हे सगळं आता याच तिमाहीच्या आकड्यांत धरावं लागेल. इतकं एका दिवसात घडलं का?"

"नाही," गदीजा म्हणाली. "घडत होतंच. तुम्ही आज विचारलंत." तिने आपली झेरॉक्स सरळ केली आणि खोलीचं दार ढकललं. "आणि चौकी सोमवारी हलवणार असाल, तर आत्ताच सांगा. म्हणजे तीही तक्रार मी यातच लिहिते."