शब्दाच्या आधीचा श्वास

भोवरा घरात आला तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसता वेग होता. पहिल्या अर्ध्या तासात त्याने खिडकीचा पडदा खाली ओढला, मावशीची डावी चप्पल पलंगाखाली नेऊन चपलेचा अंगठा वेगळा केला आणि आरशातल्या कुत्र्याशी भांडून हरला. मावशी पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," ती म्हणाली, "आणि ह्याची कुंपणासकट पलीकडे! हा कुत्रा नव्हे गं, भोवरा आहे भोवरा." तेच नाव पडलं.

तिची भाची रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. भटक्या कुत्र्यांच्या आसऱ्यातलं एखादं कुत्रं घरी आणायचं, माणसाळवायचं आणि चांगलं घर मिळालं की द्यायचं, हा उद्योग ती चार वर्षं करत होती. मावशी म्हणायची, आपलं घर म्हणजे कुत्र्यांचं माहेर. पण भोवऱ्याला दोन घरांनी परत आणून सोडलं होतं, आणि दोन्हीकडे तक्रार एकच होती. दार किलकिलं दिसलं की हा तीरासारखा सुटतो, हाका मारून घसा बसला तरी थांबत नाही. दुसऱ्या वेळी तो गाडीखाली येता येता वाचला होता. आसऱ्याच्या डॉक्टरीणबाई स्वतःच्या अंगावरचे कुत्र्यांचे केस झटकत म्हणाल्या होत्या, "तिसऱ्यांदा परत आला, तर मी त्याला पुन्हा कुणाला देणार नाही. जन्मभर इथेच, जाळीमागे. तेवढा एक शब्द शिकव त्याला. थांब."

मग रोज दुपारी, कामावरून आल्यावर, लांब व्हरांड्यात शिकवणी सुरू झाली. कमरेला दोरी, खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. ऊन फरशीवर हळूहळू सरकत असायचं आणि त्या उन्हातून भोवरा इकडून तिकडे धावायचा. ती म्हणायची, "थांब." आधी तो थांबायचा नाही. मग कधी कधी थांबायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तर भर धावेत असा जागच्या जागी उभा राहायचा की जणू ऊनच गोठलंय आणि तो त्यात अडकलाय.

"अगं, शब्द पुरता तोंडातून निघायच्या आत थांबतो," मावशी म्हणाली. "मनकवडा आहे मेला."

भाची हसली. त्या वाक्यापाशी आपणही थांबायला हवं होतं, हे तिला पुढे कळलं.

शिकवणी झाली की तो सतरंजीवर झोपायचा. झोपेत त्याचे चारही पाय धावत असायचे. ती शेजारी बसून बघत राहायची. कुठल्या माळावर असेल हा आत्ता? तिथे ना दार, ना रस्ता, ना कुणी थांब म्हणणारं. बघता बघता तिलाही डुलकी लागायची, आणि त्या डुलकीत सकाळच्या काचपट्टीवरच्या फिकट गुलाबी रक्तपेशी चंद्रांसारख्या तरंगत यायच्या. त्यांच्यामधून एक कुत्रा आवाज न करता धावत जायचा.

भोवऱ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला माणूस पुस्तकं बांधायचं काम करायचा. साठीचा, एकटा, बोटांना कायमची खळ लागलेली. दुकानाचं दार थेट रस्त्यावर उघडायचं.

"ताई, माझा एक गुडघा रजेवर गेलाय, आणि दुसरा अर्ज करून बसलाय," तो म्हणाला. "ह्याच्यामागे धावणं मला जमायचं नाही. शब्द ऐकणार असेल, तरच माझ्याकडे राहील."

दुकानापुढच्या फरसबंदीवर परीक्षा झाली. भोवऱ्याने कबुतर पाहिलं आणि झेप घेतली. दोरी बाइंडरकाकांच्या हातातून निसटली. "थांब!" ते ओरडले. तो गेला. "थांब!" तो गेलाच. दारात उभ्या असलेल्या भाचीने जोरात श्वास आत ओढला. तोंडातून शब्द फुटलाच नाही. आणि रस्त्याच्या अगदी कडेवर, एक पाय उचललेला, भोवरा उभा राहिला. त्याच्या नाकासमोरून एक टेम्पो गेला.

"वा रे पठ्ठ्या!" काकांचे डोळे चमकले. "दुसऱ्या हाकेला का होईना, ऐकलं बुवा! ठरलं मग. आजच ठेवून घेतो."

"नाही काका," ती म्हणाली. "तो तुमच्या हाकेला नाही थांबला."

"मग कुणाच्या?"

"आधी मला खात्री करू द्या."

घरी येताना मावशी धुसफुसत होती. "सोन्यासारखं घर मिळत होतं! गप्प बसली असतीस तर तुझं काय जात होतं?"

"मी काय त्यांच्या दारात रोज उभी राहणार आहे?"

संध्याकाळी तिने व्हरांड्यात वही घेतली. नुसता श्वास ओढून धरला, ओठ मिटलेले: दहापैकी दहा वेळा भोवरा थांबला. मोकळ्या श्वासात "थांब" म्हटलं: दहापैकी एकदा. तिने वही मिटली. सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवताना, हात हलू नये म्हणून ती वीस वर्षं असाच श्वास ओढून धरत आली होती. इथेही प्रत्येक "थांब"च्या आधी तेच करत होती. कुत्र्याला शब्द आलाच नव्हता. त्याला फक्त ती येत होती.

तिने काकांना फोनवर सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. दोन आठवडे द्याल?"

"घ्या की. गुडघ्यांना कुठे जायचंय?"

काका रोज दुपारी येऊ लागले. शिकवणी त्यांची. भाची वर गच्चीवर, ऐकू येणार नाही इतक्या लांब. मावशी जिना चढून बातम्या पुरवायची. "आज दहातले चार." "आज सात. मात्र मध्येच वर बघतो गं, तुला शोधतो." दोरीवर वाळणाऱ्या चादरी फुगायच्या आणि हळूच पडायच्या.

शेवटची परीक्षा पुन्हा दुकानात. दोरीचं टोक या वेळी पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्राला बांधलेलं.

"दोरी ताणली," काका म्हणाले, "तर घेऊन जा ताई. मला त्याचा जीव घालवायचा नाही."

भाची आत, कागदांच्या थप्प्यांमागे उभी राहिली. भोवऱ्याने रस्त्यापलीकडचं मांजर पाहिलं. तो सुटला. दोरीची वेटोळी एकामागून एक उलगडत फरशीवरून निघाली. तिची छाती आपोआप वर येऊ लागली. एवढं केलं की तो थांबणार होता, तिला माहीत होतं. खळीचा आंबूस वास. खिडकीतून आलेल्या उन्हात कागदाची धूळ संथ फिरत होती. तिने श्वास सोडला. पुन्हा घेतला, साधा, झोपेत घेतात तसा. पुन्हा सोडला. तीन वेटोळी उरली. दोन.

"थांब," काका म्हणाले. ओरडलेसुद्धा नाहीत.

शेवटचं वेटोळं जमिनीवर तसंच सैल पडून राहिलं. भोवरा कडेवर उभा होता. मान वळवून तो बघत होता ते काकांकडे.

मावशीने पदर डोळ्यांना लावला. "खळीचा वास झोंबतो बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत भाचीने काचपट्टी ठेवली, डोळा लावला आणि बारीक स्क्रूला बोट लावताना श्वास ओढून धरला. गुलाबी चंद्र स्पष्ट झाले. तिने कान दिला. फरशीवर नखांचा आवाज थांबायची वाट बघत ती तशीच राहिली, थोडा जास्तच वेळ. मग तिने श्वास सोडला आणि पेशी मोजायला घेतल्या.