माझ्या पोटातली सवत

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे आणि आधीच कबूल करते, स्वभावाने जळकुटी आहे. देवळाली प्रवराच्या मनकर्णाबाईंनी जाड चादरीतून मला शिवली, ती लेकीला कुरडया पाठवायला. लेक स्नेहल नोकरीसाठी इंग्लंडला असते. बाई दर उन्हाळ्यात तीन दिवस गहू भिजत घालायच्या, चीक काढून शिजवायच्या आणि गच्चीवर कुरडया घालायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मी त्या घेऊन विमानाने जायचे. स्नेहल आधी माझ्यात नाक खुपसून वास घ्यायची. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

पुढे तिने मला तिथल्या बाजारहाटाला जुंपलं. घराजवळच्या साध्या सुपरमार्केटात जगभरच्या खाण्याचं एक लांबलचक फडताळ होतं. मेक्सिकोच्या पोळ्या, कोरियाचं लोणचं, आपले पापडसुद्धा! सगळ्यांना मीच वाहिलं. एके दिवशी तिला तिथे तांदळाच्या बारीक शेवयांचं पाकीट सापडलं. तेलात टाकताच त्या कुरडईसारख्या पांढऱ्याशुभ्र फुलल्या. स्नेहल आनंदाने नाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाकिटातल्या त्या बयेला आमच्या वैशाखातलं ऊन तरी ठाऊक होतं का?

स्नेहलने लगेच फोन लावला. "आई, आता कुरडया पाठवू नकोस. इथं अगदी तसंच मिळतं."

"व्हय? बरं झालं की," बाई म्हणाल्या.

यंदा मे महिन्यात स्नेहल माहेरी आली. माझ्या पोटात तेच पाकीट! बाईंनी नाक मुरडावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. पण त्यांनी शेवया तळल्या, खाल्ल्या आणि म्हणाल्या, "लई हलक्या हायेत गं." मी जळून खाक झाले.

जेवताना स्नेहलने विचारलं, "आई, कुरडया कुठल्या डब्यात आहेत?"

"केल्याच न्हाईत. तूच नको म्हनली ना?"

"अगं, तुझे गुडघे दुखतात, म्हणून म्हटलं."

"ते आता नुसतं बसूनबी दुखत्यात," बाई म्हणाल्या आणि ताटाकडे बघत राहिल्या.

स्नेहलने हातातला घास परत ताटात ठेवला. मला त्या दिवशी पाकिटाचा राग करायचंही सुचलं नाही.

मित्रांनो, परदेशी खुशाल जा, जगभरचं चाखा. पण घरून कुणी काही पाठवत असेल, तर त्याला नको म्हणण्याआधी एवढा विचार करा, की मग ते माणूस उन्हाळाभर करणार काय?