उपोद्घातांचं व्याख्यान

रेडिओ केंद्रात त्या विद्वानांना सगळे 'उपोद्घात' म्हणत, कारण त्यापुढे ते कधी गेलेच नव्हते. शास्त्रीय संगीताच्या संध्याकाळी पंधरा मिनिटं बोलायला यायचे आणि अर्धा तास खायचे. कात्री लागायची ती संगीताला. विद्वानांना थांबवणार कोण?

काचेअलीकडे यंत्रावर बसणाऱ्या तंत्रज्ञ बाईला त्यांच्या नुसत्या खाकरण्याचीही शिसारी यायची. विषय कुठलाही असो, सुरुवात स्वतःच्या परदेश दौऱ्यापासून. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या जिवावर चरणारा माणूस!

आज मात्र गाठ तिच्याशी होती. व्याख्यानानंतर तिच्या वडिलांचं व्हायोलिन लागणार होतं. जन्मभर इतरांच्या साथीला बसलेल्या माणसाचं हे एकुलतं एक स्वतंत्र ध्वनिमुद्रण, बावीस मिनिटांचं. केंद्राच्या कपाटातून तिनंच ते शोधून काढलं होतं. अंथरुणाला खिळलेले बाबा घरी रेडिओ उशाशी घेऊन पडले होते. नऊच्या बातम्या कुणासाठी थांबत नाहीत. म्हणजे आठ सदतीसला व्हायोलिन सुरू व्हायलाच हवं होतं.

साडेआठला उपोद्घात आपल्या गुरूंच्या पडशापर्यंत पोचले होते. तिनं लाल दिव्याची उघडझाप केली, हातवारे केले. डोळे मिटून बोलणाऱ्याला काय दिसणार? आठ छत्तीसला ते म्हणाले, "आणि आता..." तसे सहा 'आणि आता' आधीच होऊन गेले होते. तिनं सरळ त्यांचा माइक बंद केला आणि बाबांना लावलं. काचेपलीकडे ते बोलतच राहिले, बाजारात भांडल्यासारखे हात उडवत. त्यांचा शब्दही इकडे येत नव्हता. ती पोट धरून हसली.

नऊला घरून फोन आला. शाबासकी ऐकायला तिनं तो कानाला लावला.

"मध्येच का तोडलंस गं त्यांना?" बाबांचा आवाज चिरकला होता. "माझ्यावरच येत होते ते."

"अहो बाबा, तुमचं पूर्ण वाजावं म्हणून..."

"माझं वाजवणं मला पाठ आहे. पन्नास वर्षांत माझ्याबद्दल कुणी चार शब्द बोललं नाही. तेवढ्यासाठी तर जागा होतो. नंतर बोलले असतील ना? काय म्हणाले?"

तिनं आत पाहिलं. उपोद्घात कधीच खुशीत निघून गेले होते, आणि खुर्ची रिकामी होती. त्यांचे जे ठरलेले शब्द ऐकून तिच्या कपाळात तिडीक जायची, तेच आता तिला तोंडात घ्यावे लागले.

"म्हणाले, हे उपेक्षित साधक... नादब्रह्माचे खरे उपासक..."

"बरं," बाबा म्हणाले. "पुढे?"